लाइट आली, पण बोर्ड उठला नाही

इंदूरहून बोलतोय. ज्यांनी आधीचे भाग पाहिले नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की माझी नोकरी फौजेत ईएमईमध्ये झाली. म्हणजे बंद पडलेली यंत्रं पुन्हा चालू करून देणाऱ्यांच्या कोअरमध्ये. निवृत्तीनंतर गच्चीवरच्या खोलीत बेंच मांडला आणि आता शेजारीपाजारी जे आणून देतात ते उघडून बघतो. हा भाग बोलताना मी फळ्यावर आकृत्या काढल्या होत्या. पुस्तकात त्या नाहीत, म्हणून आकडे थोडे सविस्तर दिले आहेत. कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

आजचा विषय असा: वीज आल्यावर मायक्रोकंट्रोलर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन भलतंच वागतो. अशा वेळी आपण आधी चिपला दोष देतो, मग प्रोग्रामला. माझा अनुभव असा, की बऱ्याचदा दोघंही निर्दोष असतात. चिपला कामावर कधी घ्यायचं आणि कधी थांबवून ठेवायचं हे ठरवणारी व्यवस्था कच्ची असते. या व्यवस्थेचे दोन भाग. एक पॉवर सप्लाय आणि दुसरा रिसेट.

हे मी एका खऱ्या प्रकरणातून सांगतो. त्यात एक चूक माझीही आहे.

प्रकरण काय होतं

आमच्या कॉलनीतला एक तरुण, वय सत्तावीस-अठ्ठावीस. आईवडील मूळचे जळगावकडचे, तो इथेच वाढला. शेतातल्या बोअरच्या मोटारीसाठी त्याने एक कंट्रोलर बनवला. लाइट आली की मोटर आपोआप सुरू करायची, बोअरमधलं पाणी संपलं की बंद करायची आणि मालकाच्या फोनवर मेसेज पाठवायचा. आत एटीमेगा ३२८पी ही चिप, १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, दोन ओळींचा एलसीडी, एक रिले आणि एक जीएसएम मॉड्यूल. सप्लाय आपला नेहमीचा: ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५.

घरी बेंचवर सगळे बोर्ड चालले. चाळीस बोर्ड देवासच्या बाजूच्या गावांत लागले आणि महिन्याभरात फोन सुरू झाले. लाइट येते, पण डबा उठत नाही. एलसीडीवर नुसते काळे चौकोन. बटण बंद करून पुन्हा चालू केलं की व्यवस्थित. चाळीसपैकी सहा-सात ठिकाणी हे होत होतं आणि तेही रोज नाही.

त्याने चिपा बदलल्या. "काका, मार्केटमध्ये डुप्लिकेट माल येतोय," असं त्याचं ठाम मत झालं होतं. मला फोनवर विचारलं. मी विचारलं, "रिसेटला काय लावलंयस?" तो म्हणाला, "दहा किलोओहम आणि पॉइंट वन मायक्रोफॅरड." मी लगेच म्हणालो, "अरे, फार लहान आहे. दहा मायक्रोफॅरड टाक." बोर्ड पाहिला नाही, जागा पाहिली नाही, मोजमाप केलं नाही. फोनवर निदान करून मोकळा झालो.

पंधरा दिवस बरं चाललं. मग एका शेतकऱ्याचा फोन आला: "भैया, मोटर जल गई." बोअर रात्री कोरडा पडला, पण कंट्रोलरने मोटर थांबवलीच नाही. पाणी संपलं आहे हे ओळखण्यासाठी मोटारीच्या करंटची जी खालची मर्यादा चिपच्या ईईप्रॉममध्ये साठवलेली असते, ती तिथे शून्य झाली होती. मर्यादा शून्य म्हणजे करंट कितीही कमी झाला तरी चिपच्या मते सगळं ठीक. सबमर्सिबल रात्रभर कोरडी फिरली आणि वाइंडिंग गेलं. गहू पाण्यावर आलेला होता.

तो पोरगा त्या दिवशी बोर्ड घेऊन माझ्याकडे आला आणि खुर्चीत नुसता बसून राहिला. पुढच्या शंभर बोर्डांची ऑर्डर त्या गावांच्या शब्दावर अडली होती.

आधी विचारायचं: कधी?

वर्कशॉपमध्ये आमचा एक हवालदार होता. कोणताही सेट दुरुस्तीला आला की तो स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी आणणाऱ्याला विचारायचा, "पहले ये बताओ, खराब कब होता है?" काय बिघडलं हे नंतर. फोनवर मी नेमकं हेच विचारायला विसरलो होतो.

आता विचारलं. उत्तर असं मिळालं, की बोर्ड बटण दाबून चालू केला तर कधीच अडत नाही. लाइट जाऊन परत येते तेव्हाच अडतो. आणि सहा-सातही जागा अशा, जिथे एकाच डीपीवर पुष्कळ मोटारी आहेत.

एवढ्यावर अर्धं निदान झालं. बटणाने दिलेली वीज आणि फीडरवर परत आलेली वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीच्या फीडरवर लाइट येते तेव्हा पहिले काही सेकंद व्होल्टेज चांगलं असतं, कारण भार नसतो. मग आजूबाजूचे ऑटो-स्टार्टर एकापाठोपाठ मोटारी उचलतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळतं, दोन-तीन सेकंद खाली राहतं आणि मग सावरतं. आम्ही त्या शेतावर जाऊन मीटर लावून बसलो. २२० वरून ते १४० पर्यंत खाली आलं आणि नंतर १९० वर स्थिरावलं.

म्हणजे बोर्ड उठून डोळे चोळत असतानाच त्याच्या पायाखालची जमीन सरकत होती.

चिप जागी कशी होते

जागं होण्याचा एक क्रम असतो. आधी व्होल्टेज कामाच्या पातळीला यायला हवं. मग क्रिस्टल स्थिर व्हायला हवा, त्याला काही मिलिसेकंद लागतात. त्यानंतरच रिसेट सुटावा आणि प्रोग्रामची पहिली ओळ चालावी. आमच्या परेडमध्ये फॉल-इन पूर्ण झाल्याशिवाय हुकूम सुटत नाही, तसंच. अर्धी कंपनी यायची असताना 'तेज चल' म्हटलं तर काय होईल?

कामाची पातळी म्हणजे किती? इथे बरेच जण फसतात. ३२८पी ही चिप १.८ व्होल्टपासून ५.५ पर्यंत चालते असं आपण वाचतो आणि निर्धास्त होतो. पण ती मुभा वेगावर अवलंबून आहे. १.८ व्होल्टवर फक्त ४ मेगाहर्ट्झपर्यंत, २.७ वर १० पर्यंत आणि ४.५ वर २० पर्यंत. २.७ आणि ४.५ च्या मध्ये सरळ रेषा धरली तर १६ मेगाहर्ट्झसाठी साधारण ३.८ व्होल्ट हवेत. त्याखाली चिप बंद पडत नाही, आणि खरा धोका तोच आहे. ती चालत राहते, पण सूचना चुकीच्या वाचू शकते. एखादी उडी भलत्याच ठिकाणी पडते. आणि ती उडी ईईप्रॉममध्ये लिहिणाऱ्या तुकड्यावर पडली तर मर्यादेच्या जागी काहीही लिहिलं जातं.

आपल्या पोराच्या प्रोग्राममध्ये तर लाइट किती वेळा आली याची नोंद सुरुवातीलाच ईईप्रॉममध्ये व्हायची. म्हणजे व्होल्टेज कोसळण्याच्या नेमक्या वेळेला लिहिण्याचं काम काढलेलं.

हिशेब कागदावर

आता १४० व्होल्टला त्याच्या सप्लायमध्ये काय होत होतं ते बघा. ७८०५ कमी तापावा म्हणून त्याने ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला होता.

२३० असताना बाहेर ९ व्होल्ट. त्याचं शिखर १.४१ ने गुणून १२.७. ब्रिजमधले दोन डायोड मिळून १.४ खातात, उरले ११.३. ७८०५ ला ५ देण्यासाठी आत साधारण ७ लागतात. भरपूर आहे.

१४० असताना बाहेर साडेपाच व्होल्ट. शिखर ७.७, डायोड वजा करून ६.३. आणि हेही फक्त शिखरावर. ब्रिज कपॅसिटरला दर १० मिलिसेकंदांनी भरतो, मधल्या वेळात बोर्ड त्यातून ओढत असतो. पाव अँपिअर भार आणि १००० मायक्रोफॅरड धरले तर त्या मधल्या वेळात जवळपास २ व्होल्टची घसरण होते. म्हणजे ७८०५ च्या तोंडाशी ६.३ आणि ४.३ च्या मध्ये हेलकावे. त्यातून आणखी पावणेदोन-दोन व्होल्ट ७८०५ स्वतःसाठी ठेवतो. चिपला मिळतात साधारण साडेचार ते अडीच, सेकंदाला शंभर वेळा वरखाली.

बेंचवर डिमरस्टॅट लावून १४० वर आणलं तेव्हा मल्टिमीटरने ३.६ दाखवलं. मीटर सरासरी सांगतो, खड्डा सांगत नाही. ऑसिलोस्कोप लावला तेव्हा ते हेलकावे डोळ्यांना दिसले. दुसरा चॅनल रिसेटच्या पिनवर होता. ती पिन सगळा वेळ निवांत वर होती. चिप बुडत होती आणि तिला थांबायला कोणी सांगत नव्हतं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. डिमरस्टॅट तुम्हाला मेनपासून वेगळं करत नाही, त्याच्या उतरवलेल्या व्होल्टेजलाही शॉक बसतो. आणि स्कोपची जमिनीची क्लिप फक्त ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे, कमी व्होल्टेजच्या बाजूला लावायची. मेनच्या बाजूला कधीही नाही.

माझा दहा मायक्रोफॅरड कुठे चुकला

रेझिस्टर आणि कपॅसिटरचा रिसेट म्हणजे एक साधं घड्याळ आहे. वीज आली की कपॅसिटर हळूहळू भरतो, तोपर्यंत पिन खाली राहते आणि चिप थांबते. १० किलोओहम गुणिले ०.१ मायक्रोफॅरड म्हणजे १ मिलिसेकंद. मोठा फिल्टर कपॅसिटर भरून ५ व्होल्ट वर यायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागत असेल, तर हे घड्याळ असून नसल्यासारखंच. पिन सप्लायच्या बरोबरीनेच वर चढते. माझ्या १० मायक्रोफॅरडने तो वेळ १०० मिलिसेकंद झाला. थंड बोर्ड सुरू होणं सुधारलं, म्हणून पंधरा दिवस बरे गेले.

पण हे घड्याळ फक्त शून्यातून वर येताना चालतं. ५ व्होल्ट घसरून ३ झाले तर? कपॅसिटर भरलेलाच आहे, पिन वरच आहे. रिसेट होत नाही. रेझिस्टरला समांतर डायोड लावला, म्हणजे कपॅसिटर सप्लायकडे लवकर रिकामा होईल असा, तरी तो सप्लायपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्ट वरच राहतो. वीज पूर्ण जाऊन लगेच आली तर डायोडाचा उपयोग आहे. एटीमेगावर तो लावावाच, कारण या चिपेच्या रिसेट पिनवर सप्लायकडे जाणारा आतला संरक्षक डायोड नसतो. १२ व्होल्ट देऊन प्रोग्राम करण्याची सोय त्याच पिनवर ठेवलेली आहे म्हणून. पण व्होल्टेज नुसतं बसलं, पूर्ण गेलं नाही, तर ही सगळी मंडळी झोपलेली असतात.

त्याने वॉचडॉगही टाकला होता. पण तो चालू करणारी ओळ एलसीडीच्या तयारीनंतर होती. आणि प्रोग्राम एलसीडी 'मी तयार आहे' म्हणेल याची वाट बघत तिथेच अडकायचा, कारण व्होल्टेजच्या धक्क्यात एलसीडीच नीट सुरू झालेला नसायचा. ते काळे चौकोन म्हणजे तेच. पहारेकरी नेमला, पण तो हजर होण्याआधीच घर लुटलं गेलं. त्या वाट बघण्याला मुदत घातली पाहिजे, आणि वॉचडॉग पहिल्या काही ओळींतच जागा केला पाहिजे.

खरा पहारेकरी

जे काम रेझिस्टर-कपॅसिटरला जमत नाही ते चिपच्या आतच ठेवलेलं असतं. त्याला ब्राउन-आउट डिटेक्टर म्हणतात. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली गेलं की तो चिपला रिसेटमध्ये धरून ठेवतो आणि सावरलं की सोडतो. ३२८पी मध्ये तीन पातळ्या निवडता येतात: १.८, २.७ आणि ४.३ व्होल्ट.

मी विचारलं, "कितीवर ठेवलायस?" तो म्हणाला, "काका, तो तर असतोच ना चालू?"

नसतो. कोऱ्या ३२८पी मध्ये कारखान्यातून तो बंद येतो. फ्यूज बिट नावाची जी सेटिंग असते त्यात तो आपण चालू करायचा असतो. या पोराने सगळा विकास आर्डुइनो उनोवर केला होता. उनोवर तो २.७ ला चालू असतो. मग माल बनवताना कोऱ्या चिपा आणल्या, प्रोग्रामरने क्रिस्टलचे फ्यूज बदलले आणि ब्राउन-आउटच्या फ्यूजला हातच लावला नाही. बेंचवरची चिप आणि शेतातली चिप दिसायला एक, स्वभाव वेगळा.

आणि समजा, २.७ वर ठेवला असता तरी उपयोग नव्हता. १६ मेगाहर्ट्झला ३.८ हवेत. २.७ ते ३.८ हा पट्टा असा, की चिपचा तोल गेलेला आहे आणि पहारेकऱ्याच्या मते अजून सगळं ठीक आहे. पाच व्होल्ट आणि १६ मेगाहर्ट्झ असेल तर ४.३ हीच पातळी. त्यासोबत सुरुवातीचा थांबाही फ्यूजमध्येच निवडता येतो. हळू चढणाऱ्या सप्लायसाठी ६५ मिलिसेकंदांचा पर्याय आहे, तो घ्यायचा.

दुरुस्ती केली आणि बोर्ड आणखी बिघडला

४.३ वर ठेवून बोर्ड लावला. डिमरस्टॅटवर १४० ला आणलं. चिप शांत बसली, रिले सुटला, वर नेलं की नीट सुरू. पोरगा हसला. मग जीएसएमचं सिमकार्ड घातलं आणि नवा खेळ सुरू झाला. बोर्ड सुरू होतो, दोन सेकंदांत पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दोन सेकंद, पुन्हा पहिल्यापासून. तेही पूर्ण २३० असताना.

"काका, आधीच बरं होतं," तो म्हणाला.

नव्हतं बरं. आधी दुखणं होतं आणि ओरडणारं कोणी नव्हतं. आता ओरडणारा आला. ब्राउन-आउट सप्लाय सुधारत नाही, सप्लाय कुठे कमी पडतोय ते सांगतो.

जीएसएम मॉड्यूल नेटवर्क शोधताना झटक्याझटक्याने करंट ओढतं. दर ४.६ मिलिसेकंदांत जेमतेम ०.६ मिलिसेकंदाचा झटका, पण तो २ अँपिअरपर्यंत जाऊ शकतो. याने तेच ७८०५ मधून, एक डायोड मध्ये टाकून, मॉड्यूलला जोडलं होतं. नेहमीचा ७८०५ एक-दीड अँपिअरचा गडी. मॉड्यूलजवळ कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड. दोन अँपिअरचा तो झटका १००० मायक्रोफॅरडमधूनसुद्धा एक व्होल्टहून जास्त खेचून नेतो. १०० चं काय चालणार? प्रत्येक झटक्याला चिपचे ५ व्होल्ट ४ च्या खाली जात होते.

मग आम्ही या गोष्टी बदलल्या. मॉड्यूलला वेगळा बक रेग्युलेटर दिला आणि त्याच्या पायांना अगदी खेटून १००० मायक्रोफॅरडचा कमी अंतर्गत रोधाचा कपॅसिटर लावला. मॉड्यूल चिपनेच चालू करायचं, तेही सुरुवातीनंतर दहा सेकंदांनी. ट्रान्सफॉर्मर १२ व्होल्टचा घेतला आणि मुख्य कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा. आता १४० वरसुद्धा ७८०५ च्या तोंडाशी खड्ड्यात ८ च्या आसपास राहतात. याची किंमत म्हणजे २३० ला ७८०५ अडीच वॉटपेक्षा जास्त तापतो, म्हणून त्याला हीट सिंक हवाच. फुकट काही मिळत नाही.

थांबलेली चिप निरुपद्रवी हवी

चिप रिसेटमध्ये असते तेव्हा तिच्या पिना लोंबकळत असतात, वरही नाही आणि खालीही नाही. अशा वेळी रिलेच्या ट्रान्झिस्टरचा बेस वाऱ्यावर राहिला तर मोटर आपोआप लागू शकते. बेसपासून जमिनीला १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला की चिप झोपलेली असताना मोटर नक्की बंद. बंद म्हणजे सुरक्षित, ही अवस्था सर्किटने ठरवायची. प्रोग्रामवर सोडायची नाही.

ईईप्रॉमचंही तसंच. मर्यादा दोन जागी लिहा, सोबत बेरजेचा पडताळा ठेवा. वाचताना दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या तर मोटर लावू नका, मालकाला मेसेज पाठवा. आणि लाइट येताच लिहायला बसू नका. अर्धा मिनिट जाऊ द्या, लाइट टिकतेय का बघा.

स्कोप नसेल तर

पुष्कळांकडे स्कोप नसतो. तरी चिपलाच विचारता येतं. ३२८पी मध्ये एक रजिस्टर आहे, एमसीयूएसआर नावाचं. मागचा रिसेट का झाला हे त्यात चार खुणांनी लिहिलेलं असतं: वीज नव्याने आली, बाहेरची पिन खाली गेली, ब्राउन-आउट झाला किंवा वॉचडॉगने उठवलं. प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीला ते वाचा, मग पुसा, आणि एलसीडीवर एका अक्षरात दाखवा. आमच्या नव्या बोर्डांवर कोपऱ्यात हे अक्षर असतं. शेतकरी फोनवर "बी दिख रहा है" म्हणाला की आम्हाला कळतं, व्होल्टेज बसलंय.

दुसऱ्या चिपा वापरत असाल तर थोडक्यात सांगतो. जुन्या ८०५१ घराण्यात रिसेट उलटा असतो, पिन वर गेली की चिप थांबते, आणि अनेकांत ब्राउन-आउट नसतोच. तिथे तीन पायांची सुपरव्हायझर आयसी लावा. पाच व्होल्टसाठी मॅक्स ८०९ चा एल प्रकार ४.६३ ला थांबवतो आणि सावरल्यावर किमान १४० मिलिसेकंद धरून ठेवतो. पण तो पिन खाली खेचतो. ८०५१ ला हवा त्याचा भाऊ, मॅक्स ८१०, जो वर नेतो. या अदलाबदलीत मी चांगले इंजिनिअर फसलेले पाहिलेत. ईएसपी ३२ असेल तर इनेबल पिनवर १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड लावा, आणि सुरू होताना काही पिना बघितल्या जातात हे लक्षात ठेवा. शून्य क्रमांकाची पिन तुमच्या रिलेच्या सर्किटने खाली खेचली असेल, तर चिप तुमचा प्रोग्राम न चालवता नवीन प्रोग्रामची वाट बघत बसते. ती मेली असं वाटतं, पण ती आज्ञाधारकपणे थांबलेली असते.

बोर्ड बाहेर जाण्याआधी

आता आमच्या बेंचवर प्रत्येक नमुन्याच्या तीन परीक्षा होतात. पहिली, डिमरस्टॅट शून्यापासून २३० पर्यंत अर्ध्या मिनिटात हळूहळू चढवायचा. दुसरी, २३० वरून १४० ला आणायचं, पाच सेकंद थांबायचं, परत न्यायचं, वीस वेळा. तिसरी, वीज तोडायची आणि अर्ध्या, एक, दोन, पाच सेकंदांनी जोडायची, मिळून शंभर वेळा. सिमकार्ड आत, रिलेवर भार, सगळं खऱ्यासारखं. शंभरपैकी एकदा जरी अडखळला तरी नापास. शेतात रोज लाइट जाते-येते, तिथे शंभरात एक म्हणजे वर्षाला तीन-चार रात्री.

आणि फ्यूज. प्रोग्राम भरल्यावर सगळे फ्यूज पुन्हा वाचून बघायचे आणि वहीत लिहायचे. लिहिलं म्हणजे झालं असं मानायचं नाही.

त्या पोराने चाळीसही बोर्ड परत आणले. कुठे फ्यूज, कुठे ट्रान्सफॉर्मर, सगळं बदलून पुन्हा स्वतः जाऊन लावले. जळलेल्या मोटारीच्या वाइंडिंगचे पैसे आम्ही दोघांनी निम्मे निम्मे भरले. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, दहा मायक्रोफॅरड माझा होता. पैसे द्यायला आम्ही दोघंही गेलो. त्या शेतकऱ्याने चहा पाजला, पण नवा डबा लावून घ्यायला लगेच तयार झाला नाही. "पहले दूसरों के यहाँ चलने दो," म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. पुढच्या हंगामात त्याने स्वतः फोन करून डबा मागवला.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी एखादा बोर्ड उठला नाही तर चिप उपटण्याआधी विचारा: कधी उठत नाही? त्या क्षणी सप्लायच्या पिनवर किती होते? आणि त्या क्षणी तिला थांबवून ठेवायची जबाबदारी कोणावर होती? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर दोष सापडला.

पुढच्या भागात अर्थिंग घेऊ. सोल्डरिंग आयर्न बंद केलंय ना, एकदा बघून या. जय हिंद.